स्टेनलेसचे नटबोल्ट, बरेच महिने वापरल्यावर: गंजापेक्षा आट्यांची काळजी जास्त

वापरात होता तो माल असा: ए२-७० चे (ए२ ही स्टेनलेसची नेहमीची प्रत, ७० हा ताकदीचा दर्जा) एम६, एम८ आणि एम१० (६, ८, १० मिमी व्यासाचे) षटकोनी बोल्ट, साधे व नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट, लाकडासाठी ५ मिमीचे स्क्रू, आणि पाणी साचून राहतं तिथे ए४, म्हणजे गंजाला जास्त टिकणारी प्रत. जागा सगळ्या उघड्यावरच्या: गेट, ॲल्युमिनियमची चौकट, लाकडी फळ्या, पंपाचा पाया.

गंजाबद्दल तक्रार नाही. साध्या लोखंडी बोल्टवरचा झिंक प्लेटिंगचा थर जेमतेम ५ ते ८ मायक्रॉन असतो. पाना लागला की कोपऱ्यांवरून तो उडतो आणि तिथूनच लाली सुरू होते. स्टेनलेसमध्ये लेपच नाही. क्रोमियममुळे पृष्ठभागावर येणारा ऑक्साइडचा पापुद्रा ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. काही बोल्टच्या डोक्यांवर तपकिरी ठिपके आले, पण ते बाहेरच्या लोखंडाचे. शेजारी ग्राइंडर चालला किंवा साध्या लोखंडी तारेच्या ब्रशने घासलं, की लोखंडाचे कण चिकटतात आणि ते गंजतात. सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने पुसून भरपूर पाण्याने धुतलं की जातात. खाऱ्या हवेत मात्र ए२ वर डाग येतच राहतात. तिथे पहिल्यापासून ए४ घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडपुढे तेच टिकतं.

खरी डोकेदुखी आट्यांची. नट अर्ध्यावर आला की अचानक जड होतो, आणखी जोर लावला की कायमचा जाम. मग पुढे जात नाही, मागे येत नाही. शेवटी बोल्टच पिळून तुटतो. दाबाखाली घासताना तो पापुद्रा निघतो, दोन्हीकडचा उघडा धातू एकमेकांना चिकटतो आणि गरम झाला की आणखी पकडतो. यात गंजाचा काही संबंध नाही. अगदी नवा, कोरडा, स्वच्छ जोडही असा जातो. नायलॉक नटात धोका जास्त, कारण नायलॉनच्या कड्यामुळे तो पूर्ण लांबीभर चोळत येतो. म्हणून बोल्ट उगाच लांब घेऊ नका. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले की पुरे.

उपाय सोपा आहे, पण प्रत्येक बोल्टला करावा लागतो. आटे ब्रशने साफ करा. निकेलयुक्त अँटी-सीझचा (आटे धरू नयेत म्हणून लावायच्या वंगण-पेस्टचा) पातळ थर आट्यांवर आणि नटाच्या टेकणाऱ्या बाजूवर लावा. साधा नट हाताने जवळजवळ शेवटपर्यंत फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तो नट बाजूला. पुढचं काम हातपान्याने, हळू. इम्पॅक्ट ड्रायव्हर पेटीतच राहू द्या, कारण वेग म्हणजे उष्णता. मध्येच जड लागला तर तिथेच थांबा, गार होऊ द्या, तेल सोडा आणि थोडा-थोडा मागे-पुढे करत काढा. पक्का धरलाच तर कापण्यावाचून इलाज नाही. ड्रिल करायची वेळ आली तर कोबाल्टचा बिट, कमी वेग, भक्कम दाब आणि कटिंग ऑइल. बिट नुसता घासत राहिला तर तो भाग कडक होतो आणि मग काहीच कापत नाही.

वंगणाचा दुसरा फायदा आवळण्यात. कोरड्या स्टेनलेस आट्यांत घर्षण इतकं जास्त आणि बेभरवशाचं असतं, की टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आकडा गाठतो पण जोड दाबला जात नाही. वंगण असताना ए२-७० साठी एम६ ला ७, एम८ ला १७ आणि एम१० ला ३३ न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं. अँटी-सीझ जास्त निसरडं असेल तर आणखी कमी.

ताकदीबद्दल गैरसमज फार. चकचकीत म्हणजे मजबूत, असं नाही. ए२-७० चा बोल्ट ४५० मेगापास्कलला कायमचा ताणायला लागतो, ८.८ या दर्जाचा साधा पोलादी बोल्ट ६४० ला. म्हणजे त्याच मापात सुमारे ३० टक्के कमी. ब्रेक, सस्पेन्शन, सीटबेल्ट, उचलण्याची साखळी इथे ८.८ किंवा त्याहून मजबूत १०.९ काढून स्टेनलेस घालू नये. गरम जागीही जपून: ए२ चं प्रसरण मायल्ड स्टीलच्या जवळपास दीडपट आहे, त्यामुळे तापलेल्या फ्लँजवर बोल्ट सैल पडतो.

ॲल्युमिनियमच्या चौकटीत बोल्ट नव्यासारखे राहिले, पण भोकांभोवती पांढरी भुकटी जमली. ओलाव्यात दोन धातूंचा सेल बनतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. नुसता नायलॉनचा वॉशर पुरत नाही. बोल्टचा दांडा भोकाच्या कडेला टेकतो, म्हणून नायलॉनची बाहीही हवी. उलट मांडणी याहून वाईट. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात झिंक प्लेटिंगचा छोटा बोल्ट घातला तर तो भराभर खाल्ला जातो.

लाकडात समाधान आहे. टॅनिनवाल्या लाकडात लोखंडी स्क्रूभोवती येतो तो काळा डाग इथे नाही. पण स्क्रू मऊ. कठीण लाकडात ५ मिमीच्या स्क्रूला साधारण ३.५ मिमीचं भोक आधी पाडा, एकदा लोखंडी स्क्रू फिरवून आटे तयार करा, मग स्टेनलेस घाला. डोकं टॉर्क्सचं (सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचं) घ्या. फिलिप्सची (अधिकच्या चिन्हासारखी) खाच लगेच गुळगुळीत होते.

एका जागी मात्र ए२ आणि ए४ दोन्ही टाळा: बंदिस्त जलतरण तलावाच्या छताला वजन पेलणारे जोड. तिथल्या क्लोरीनच्या हवेत ताणाखालच्या स्टेनलेसला आतपर्यंत तडे जातात आणि वरून फारसं दिसत नाही. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे तलावावरचं काँक्रीटचं छत असंच कोसळलं आणि १२ जण गेले.

घेताना चुंबकावर विसंबू नका. थंड अवस्थेत ठोकून घडवलेलं ए२ चं डोकंही थोडं ओढलं जातं. स्वतःच भोक पाडणारे ४१० या प्रतीच्या स्टेनलेसचे स्क्रू तर पुरते चुंबकीय असतात, आणि गंजाला ए२ पेक्षा कमी टिकतात. एम५ आणि त्यावरच्या षटकोनी बोल्टच्या डोक्यावर ए२-७० किंवा ए४-८० आणि उत्पादकाची खूण असायला हवी. तिथे काहीच नसेल तर तो बोल्ट भार पेलणाऱ्या जागी नको.