ओसू लेझर वर्षभर खेळून झाल्यावर: रिव्ह्यू, पण फक्त टायमिंगचा

ओसू म्हणजे गाण्याच्या तालावर स्क्रीनवर येणाऱ्या गोलांवर माऊस नेऊन बरोब्बर वेळेला की दाबायचा गेम. त्याबद्दल लिहायचं म्हणलं की लोक गाणी, स्किन, ग्राफिक्स यावरच बोलत बसतात. ते सगळं मी सोडून देतोय, कारण गेम फुकट आहे, डाउनलोड करा आणि स्वतःच बघा. डीन हर्बर्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने 2007 मध्ये काढलेला, लेझर म्हणजे त्याचंच नव्याने लिहिलेलं ओपन सोर्स व्हर्जन, मी तेच खेळतो. मला बोलायचंय ॲक्युरसीवर, म्हणजे किती नोट वेळेत दाबल्या त्याच्या टक्केवारीवर, कारण सात महिने मी 90 टक्क्यांच्या आसपास अडकून पडलो होतो आणि सगळं खापर बोटांवर फोडत होतो.

आधी हिशोब समजून घ्या, तो कळल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे. प्रत्येक मॅपला (म्हणजे एका गाण्यावर रचलेल्या नोटना) एक ओडी असतो, म्हणजे वेळेच्या बाबतीत मॅप किती कडक आहे तो आकडा. ओडी 8 असेल तर बरोब्बर वेळेच्या साधारण 32 मिलीसेकंद अलीकडे-पलीकडे दाबलं तरच 300, म्हणजे पूर्ण मार्क, मिळतात, त्याच्या बाहेर गेलात की 100, अजून बाहेर की 50. हार्डरॉक मॉड (मॉड म्हणजे मॅप सोपा-अवघड करणारी सेटिंग) लावला की तोच मॅप ओडी 10 ला जातो आणि 32 ची ही खिडकी 20 वर येते. डबलटाइम मॉडमध्ये गाणं दीडपट पळतं म्हणून 32 चे 21 होतात. 100 मिळाला म्हणजे त्या नोटचे एक तृतीयांश मार्क, त्यामुळे एकही मिस नसताना ॲक्युरसी 90 असू शकते, माझी तशीच असायची.

आता या गेमची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, हिट एरर बार, म्हणजे प्रत्येक फटका किती लवकर-उशिरा पडला ते दाखवणारी पट्टी. एका टोकाला धावता ट्रक, दुसऱ्या टोकाला सायकल, लवकर दाबलं की रेघ ट्रककडे, उशिरा दाबलं की सायकलकडे. सुरुवातीला मी तो बंद करून टाकला होता, नजर जाते म्हणून. चूक. खेळताना बघू नकाच, पण गाणं संपल्यावर रिझल्ट स्क्रीनवर दोन आकडे नक्की बघा, सरासरी एरर आणि अनस्टेबल रेट, ज्याला सगळे यूआर म्हणतात. यूआरला 10 ने भागलं की तुमचे फटके किती मिलीसेकंद इकडेतिकडे पसरतायत ते कळतं. आणि खरी गंमत इथे आहे, सरासरी आणि पसारा हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं पण वेगळी.

माझंच सांगतो. यूआर 160, म्हणजे पसारा 16 मिलीसेकंद, जे अजिबात वाईट नाही. सरासरी शून्यावर असती तर ओडी 8 वर शंभरातले 95 फटके 300 मध्ये बसतात आणि ॲक्युरसी 97 च्या घरात जाते. पण माझी सरासरी होती 15 मिलीसेकंद उशिरा, आणि तेवढ्यानेच 300 चं प्रमाण 85 वर येतं आणि ॲक्युरसी 90. बोटं तीच, माणूस तोच, सात टक्के हवेत उडाले!

कारण काय तर वायरलेस हेडफोन. कुठल्या कंपनीचे ते राहू दे, ब्लूटूथला आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलीसेकंद सहज लागतात, मी ऑफसेट, म्हणजे त्या उशिराची भरपाई करणारा आकडा, अंदाजपंचे दाहोदरसे टाकून ठेवला होता आणि तो जवळपास बरोबर होता, पूर्ण नाही. वायरवाला इअरफोन लावला, ऑफसेट शून्य केला, मॅप एकदा खेळलो आणि मग मागच्या खेळावरून कॅलिब्रेट करायचं जे बटण लेझरमध्ये आहे ते दाबलं. त्याच रात्री 96 च्या वर गेलो. आनंद झाला पण त्यापेक्षा राग जास्त आला, सात महिने!! आणि हे एवढं मोठं बटण नव्या माणसाला कुणी हाताला धरून दाखवत नाही, स्वतः धडपडून सापडलं तर सापडलं, इथे मी गेमचा एक स्टार कापतोय.

हे झालं सरासरीचं. पसाऱ्याला बटण नाही, तिथे मेहनत.

नव्या माणसाची सवय असते की गोलाभोवतीची रिंग मिटताना बघायची आणि मग दाबायचं. तसं केलंत की पसारा कमी होतच नाही. मी महिनाभर सोपे सोपे मॅप हिडन मॉड लावून खेळलो, त्यात रिंगच दिसत नाही, झक मारत गाणं ऐकावं लागतं. पहिले चार दिवस नुसती माती खाल्ली, मग कान उघडले. सोबत हिटसाउंडचा आवाज गाण्यापेक्षा कमी करून टाका, कारण तो तुम्ही दाबल्यावर येतो, त्याच्या मागे लागलात की स्वतःच्याच चुकीला ताल समजून बसता (हे माझं मत, उलटं सांगणारे पण चांगले प्लेअर आहेत).

स्ट्रीमचं, म्हणजे सलग भराभर येणाऱ्या नोटच्या माळेचं, दुखणं वेगळं. 180 बीपीएमच्या (मिनिटाला 180 बीट) गाण्यात एका बीटमध्ये चार नोट, म्हणजे दोन नोटमध्ये फक्त 83 मिलीसेकंद. मी कीबोर्डच्या झेड-एक्सवर अशा स्ट्रीमची प्रॅक्टिस करत होतो, बाबा मागे पेपर वाचत बसलेले. ते भजनी मंडळात पखवाज वाजवतात, स्क्रीनकडे बघतपण नव्हते. म्हणाले, "घाई करतोयस रे. सुरुवात नीट होते, शेवटचे दोन-तीन बोल पळतायत." मी म्हणलं काहीही काय, नुसत्या कीबोर्डच्या खडखडाटावरून कसं कळेल. रिप्ले लावून बघितला तर प्रत्येक स्ट्रीमच्या शेवटी रेघा ट्रककडे सरकलेल्या.

मग त्यांनीच सांगितलं, चारही बोल मोजू नकोस, मात्रेवरचा पहिला तेवढा धर, बाकीचे तीन आपोआप पडतील. आपल्याकडची चौगुनच की ती, एका मात्रेत चार बोल! तेव्हापासून प्रत्येक बीटवरची नोट एकाच बोटाने येईल असं बघतो आणि तीच जराशी जोरात दाबतो, 75 टक्के स्पीडला हाफटाइम लावून आधी, मग मूळ स्पीडला. यूआर 160 वरून 120 वर आला, दोन-अडीच महिने लागले. तिगुन लागली की मात्र अजून तारांबळ उडते, चौगुनीतून अचानक तिगुनीत जाणारे मॅप बघितले की मी सरळ पुढचं गाणं लावतो. संथ गाण्यांची पण तीच बोंब, तिथे दोन फटक्यांच्या मधली रिकामी जागाच खाते.

महागडे कीबोर्ड घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, निदान सुरुवातीला तरी. साधा चालतो.

परवा बाबांना खेळायला बसवलं. माऊसने गोल पकडणं त्यांना जमेना म्हणून टाइको मोड लावून दिला, त्यात नेम धरायचाच नसतो, लाल आणि निळ्या नोट आल्या की आपापली की दाबायची. रंगांमध्ये इतके चुकले की अर्ध्या नोट मिस. पण ज्या लागल्या त्यांचा यूआर बघितला, 104. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, त्यांना अजून दाखवला नाहीये.