बाळंतिणीचे कॅल्शियम: गोळी की नाचणी, तीळ आणि दूध?
आईने कॅल्शियम जास्त घेतले की ते दुधात उतरते, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. आईच्या दुधात दर 100 मिलिलिटरला साधारण 25 ते 30 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तिचा आहार तोकडा असला तरी त्यात फारसा फरक पडत नाही, कारण स्तनपानाच्या काळात शरीर ते तिच्या हाडांतून काढून घेते. अंगावरचे पाजणे थांबल्यावर ही झीज बहुतेक स्त्रियांमध्ये काही महिन्यांत भरून येते. म्हणजे निवड करायची ती आईच्या स्वतःच्या गरजेसाठी, जी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2020 साली दिवसाला 1200 मिलिग्रॅम ठरवली आहे.

आहाराच्या बाजूने हिशेब असा: 100 ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे 350, दोन मोठे पेले दुधातून 450 ते 500 आणि मोठा चमचाभर न सोललेल्या तिळांतून शंभराच्या आसपास मिलिग्रॅम. वाटीभर दही किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी जोडली की आकडा हजाराच्या पुढे जातो. मात्र गाळून केलेले नाचणी सत्त्व पचायला हलके असले तरी टरफलाबरोबर बरेच कॅल्शियम टाकले जाते, म्हणून भाकरीच बरी. पालकातले कॅल्शियम त्यातल्या ऑक्झलेट या घटकामुळे फारसे अंगी लागत नाही. अळिवाचे लाडू पौष्टिक खरे, पण त्यांतले अळीव इतके थोडे असतात की कॅल्शियमसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

गोळीचा हिशेब सोपा आहे. सरकारी आरोग्य कार्यक्रमात बाळंतपणानंतर सहा महिने 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात आणि तिच्यात ड जीवनसत्त्वही असते. ती जेवणासोबत घ्यावी आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवावी, नाहीतर लोहाचे शोषण घटते. काहींना बद्धकोष्ठ होते. शिवाय गोळीतून प्रथिने मिळत नाहीत, जी दूध-दह्यातून आपोआप मिळतात.

माझ्या मते दूध पचत नसेल, पथ्याच्या नावाखाली जेवण आखडले असेल किंवा बाळंतपणे पाठोपाठ झाली असतील, तर गोळी टाळू नये; रोज दूध-दही आणि भाकरी पोटभर मिळत असेल, तर गोळ्या किती घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारून ठरवावे, आणि मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर विचारल्याशिवाय एकही घेऊ नये.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यांपैकी काहीच द्यायचे नसते. गाईच्या दुधात कॅल्शियम चौपट असले तरी वर्षाच्या आत ते आईच्या दुधाऐवजी देऊ नये. आईच्या दुधात कमी पडते ते ड जीवनसत्त्व, आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञ रोज 400 युनिटांचे थेंब सांगतात.