इल ओ एग्रेतची फेरी: जरूर करा
मॉरिशसला गेलात तर किनाऱ्यावरचा अर्धा दिवस कमी करा, पण इल ओ एग्रेतची गाईडसोबतची फेरी चुकवू नका. जेमतेम 26 हेक्टरचं प्रवाळी बेट! मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने बाहेरून आलेलं तण उपटून, उंदीर हटवून इथलं मूळचं आबनुसाचं रान पुन्हा उभं करत आणलंय. मला सगळ्यात भावली ती कासवं. मॉरिशसची स्वतःची महाकासवं कधीच नामशेष झाली, म्हणून 2000 साली सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची महाकासवं इथे आणली. ती आबनुसाची फळं खातात, बिया विष्ठेतून झाडापासून दूर पडतात आणि छान रुजतात. गाईडने असं एक बोटभर रोप दाखवलं. मी तर खाली बसूनच पाहत राहिले. रोपवाटिकाही बघा. गुलाबी कबुतरांसाठी दुर्बीण न्या, आणि बूट घाला, वाट खडबडीत आहे.