ठोकायचं वजन की चिकटवायचं?

समृद्धीवर शंभरच्या आसपास गेलं की माझं स्टेअरिंग थरथरायचं, वर्धा रोडवर साठला काहीच नाही. गाडी एका बाजूला ओढत नव्हती, म्हणजे अलाइनमेंट (चाकांची दिशा) नाही, बॅलन्सिंगच, म्हणजे चाकाचा भार सगळीकडून सारखा करायला रिमवर छोटी वजनं लावतात ते. आता दुकानात गेलं की या वजनांचे दोन प्रकार असतात.

ठोकायचं वजन म्हणजे रिमच्या कडेवर हातोडीनं बसवतात ते. साध्या लोखंडी रिमला हेच घ्या, स्वस्त, पक्कं, आणि अगदी कडेला बसतं म्हणून कमी ग्रॅममध्ये काम होतं. पण अलॉय (हलक्या मिश्रधातूच्या) रिमवर ओरखडे पडतात, आणि वजनाची क्लिप त्या कडेच्या मापाची नसली तर खड्ड्यात उडून जाते.

चिकटवायचं वजन म्हणजे गोंद लावलेली पट्टी, अलॉयला बरं, आतल्या बाजूनं लागतं, बाहेरून दिसत पण नाही. भानगड गोंदाची आहे. जागा आधी नीट घासून पुसून कोरडी करायला पाहिजे, नाहीतर ब्रेकची धूळ, पावसाचं पाणी, वरून आपलं मे महिन्यातलं ४५ डिग्री, पट्टी निघते म्हणजे निघतेच. माझ्याकडे एका दुकानवाल्यानं जुन्या पट्ट्या न काढता, चिखलावरच नव्या चिकटवल्या होत्या बावा! आठवड्यात थरथर परत.

मी अलॉयवाला, म्हणून चिकटवायचंच घेतो, पण बॅलन्सिंगच्या मशीनजवळ उभा राहून. वजन लावल्यावर चाक परत फिरवायला लावायचं, मशीनवर चाकाच्या दोन्ही बाजूंना शून्य दिसलं पाहिजे. मशीन एकाच चाकाला साठ-सत्तर ग्रॅम मागत असेल तर पट्ट्या वाढवू देऊ नका, टायर रिमवर अर्धा फिरवून बसवायला सांगा, बरेचदा आकडा खाली येतो.