सिव्हिल, १४४१६ की योजनेचं कार्ड? विमा नसलेल्या पोराला आधी कुठे न्यायचं

पोरगं कॉलेजला जायचं थांबलंय, रात्रभर जागं असतं, दार लावून बसतं. घरात कुणाचाच आरोग्य विमा नाही. नाशिकमध्ये अशा घरासाठी सरकारी खर्चाने मानसिक उपचारांचे मार्ग आहेत, पण प्रत्येक मार्गाचा पैसा वेगळ्या गोष्टीसाठी मिळतो. हे न कळल्यामुळे घरचे आधी चुकीच्या दारात जातात.

ते दार बहुधा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं असतं. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये, म्हणून सगळी धावपळ कार्डासाठी. पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. नैराश्याने ग्रासलेल्या बहुतेक मुलांना खाट लागत नाही. त्यांना लागतात गोळ्या, समुपदेशन आणि पुन्हा पुन्हा तपासणी. गोळ्यांचा गुण यायलाच साधारण दोन ते चार आठवडे जातात आणि त्या पुढे कित्येक महिने चालतात. हा सगळा खर्च ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा. कार्ड जरूर काढून ठेवा, पण त्यासाठी उपचार अडवून धरू नका.

म्हणून माझं मत सिव्हिलकडे झुकतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत आहेत. त्र्यंबक रोडवरचं आपलं जिल्हा रुग्णालय त्यातच येतं. गर्दी असते, डॉक्टरांना प्रत्येकासाठी वेळ कमी मिळतो, हे खरं. त्यासाठी झोप, भूक, आधीची औषधं असं सगळं कागदावर लिहून न्या. खासगीत दोनदा जाऊन पैशांअभावी थांबण्यापेक्षा इथे सहा महिने टिकून राहणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

पोरगं घराबाहेर पडायलाच तयार नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आधी. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. सुरगाणा-पेठच्या घराला तर नाशिकची एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी. त्यांच्यासाठी सुरुवात इथूनच बरी. मात्र जिवाला धोका वाटत असेल तर मुलाला एकटं सोडू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट अपघात विभाग गाठा.

सातपूर-अंबडला कंत्राटावर लागलेल्या मुलांना एक आवर्जून सांगायचंय: पगाराची स्लिप बघा. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ०.७५ टक्के ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कापले जात असतील, तर तुम्ही विमाधारक आहात. त्यात ओपीडीही येते आणि औषधंही. ‘आपला विमा नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता नवी खासगी पॉलिसी घ्यावी का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरायला लावलं आहे. पण आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा कालावधी असतो, त्यामुळे आजच्या दुखण्याला तिचा उपयोग नाही.

याच कायद्याचं कलम १८ लक्षात ठेवा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हातात दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो, सरकारी मानसोपचार मोफत मिळायला हवेत. खिडकीवर कुणी कार्डावरून परत पाठवलं, तर कलमाचा आकडा सांगा आणि नकार लेखी मागा.