सिलिकॉनची कुत्री, आठ महिन्यांनंतर: पोट धडधाकट, पेडिकल निकामी

स्पे म्हणजे कुत्रीच्या नसबंदीची शस्त्रक्रिया. तिच्या सरावाच्या मॉडेलमधल्या दोन्ही पेडिकल (बीजांडकोशाला रक्त नेणारे देठ) क्लॅम्पच्या, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरणाऱ्या चिमट्याच्या, दात्यांखाली फाटल्या. सुट्या मिळत नाहीत, अख्खं पोट नव्याने घ्या, असं विक्रेत्याचं उत्तर. चांगलं पोट टाकून का द्यायचं?

कातडीवर सुरुवातीला राग होता, टाके उसवून यायचे. तो राग आता नाही. मनगट न वळवता सुई सरळ रेटली किंवा गाठ बसवताना दोरा वर उचलला, की सिलिकॉन चिरतं. दोरा कातडीला समांतर, दोन्हीकडून सारखा ओढला की टाका टिकतो. चूक हाताची असते आणि कातडी ती लगेच दाखवते. लिनिया आल्बाला (पोटाच्या मध्यरेषेतला पांढरा पट्टा) २-० जाडीचा दोरा, कातडीला ३-० आणि रिव्हर्स कटिंग (बाहेरच्या वळणावर धार असलेली) सुई. वापरून झाल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून टाल्कम लावावी, नाहीतर चिकटते. सस्पेन्सरी लिगामेंट (बीजांडकोश धरून ठेवणारा, शस्त्रक्रियेत तोडायचा बंध) म्हणून दिलेला रबर नुसता ताणला जातो, तुटत नाही.

खरं दुखणं पेडिकलचं. तीन क्लॅम्पच्या पद्धतीत शरीराजवळचा क्लॅम्प काढला की दबलेली खाच उरते आणि लिगेचर (रक्तवाहिनी बंद करणारा दोरा) तिच्यातच आवळायचं असतं. सिलिकॉन मात्र क्षणात फुगून पूर्ववत होतं. दोरा घसरतो आणि गाठ बरोबर असूनही विद्यार्थी स्वतःला दोष देतो. हे फार वाईट शिक्षण आहे.

उपाय घरचाच. पातळ लॅटेक्सची १२ सेंमी नळी, तिच्यावर ओल्या कापसाचा थर, वरून क्लिंग फिल्मचे दोन वेढे. कापूस खाच धरतो, शिवाय चरबीसारखा दबतो. नळीचं एक टोक इन्फ्यूजन सेटला (सलाइनच्या नळीला) जोडून रंगीत पाण्याची पिशवी १३६ सेंमी उंच टांगावी. म्हणजे दाब १०० मिमी पारा, धमनीच्या जवळपास. लिगेचर बांधून पलीकडे कापावं आणि मिनिटभर थेंब येतो का ते पाहावं.

इथे सर्जन्स नॉट या गाठीची कमजोरी उघडी पडते: पहिल्या दुहेरी वेढ्याचं घर्षण इतकं, की तो पुढे आवळतच नाही. मिलर्स नॉट (पेडिकलभोवती दोनदा वेढून बांधायची गाठ) पकडून बसते. शेजारचा क्लॅम्प पेडिकल पसरवून धरत असेल तर आवळताना तो क्षणभर सैल करावा, नाहीतर चांगली गाठही गळते.

कापूस दर वेळी नवा घ्यावा. वाळलेला खाच धरत नाही.