फांदी उतरवायचं सामान: आधी दोर, मग ब्रेक, कप्पी सावकाश

एप्रिल उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या चिटणीसांचे फोन सुरू होतात. गुलमोहर पावसाआधी हलका करून द्या, पार्किंगवर आलेला पर्जन्यवृक्ष मागे घ्या, नारळाच्या झावळ्या काढा. दोन-चार गडी घेऊन ही कामं करणाऱ्याकडे एखाद्या बऱ्या मोसमानंतर थोडे पैसे शिल्लक राहतात आणि प्रश्न पडतो: आधी घ्यायचं काय? कापलेली फांदी दोराला बांधून, दोर वरच्या बेचक्यावरून किंवा कप्पीवरून घेऊन खालचा गडी ती हळूहळू उतरवतो. मग चांगला दोर, खाली दोर रोखणारा ब्रेक, की वर बांधायची कप्पी? विकणारा कप्पी पुढे करतो, कारण ती हातात घेतली की वजनदार वाटते. माझा क्रम नेमका उलटा आहे.

परवानगीचं एका दमात सांगून टाकतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ इथे लागू आहे आणि अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. 'नुसती छाटणीच तर आहे' असं चिटणीस म्हणाले, तरी कागद हातात पडल्याशिवाय करवत बाहेर काढू नका. उद्या विचारणा झाली तर चिटणीस तुमच्याकडे बोट दाखवतील.

आता दोर. बहुतेक टोळ्यांकडे हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा दोर असतो. स्वस्त, हलका, पाण्यात न बुडणारा. होडीला ठीक. झाडावर त्याचा घात होतो तो घर्षणाने. हा धागा १६५ अंशांच्या आसपास वितळतो, तर पॉलिस्टर २५० च्या पुढे. बेचक्यातून भरभर सुटलेल्या प्लास्टिकच्या दोरावरून बोटं फिरवून बघा: मध्येच हातभर पट्टा कडक लागेल आणि उन्हात धरला की काचेसारखा चकाकेल. तिथे धागे वितळून एकमेकांना चिकटलेले असतात. दोर तुटतो तो तिथेच, आणि एरवी बाहेरून बघितला तर धडधाकट दिसतो. शिवाय आपल्याकडचं ऊन या दोराला लवकर खातं. बाल्कनीत कपडे वाळत घालायची जुनी दोरी चुरा होऊन हाताला लागते, तीच ही जात.

नायलॉन त्याहून पुष्कळ बरा, पण तो ताणतो. धक्का झेलायला हा गुणच आहे. पण सानपाड्याच्या रो-हाऊसमध्ये, जिथे फांदीखाली शेजाऱ्याच्या पत्र्याची शेड आहे, तिथे 'थांब' म्हटल्यावरही फांदी हातभर खाली येते आणि पत्र्याला पोचा पडतो. ओला झाला की नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, आणि जून-जुलैतली पडझडीची कामं ओल्यातच होतात. दुहेरी विणीचा पॉलिस्टर कमी ताणतो, ओला झाला तरी ताकद जवळपास तेवढीच राखतो, उन्हालाही टिकतो. महाग आहे, तरीही पहिला पैसा इथेच घाला.

लेबलवरच्या आकड्याने मात्र हुरळू नका. तो दोर तुटण्याचा आकडा असतो. ५,००० किलो लिहिलं असेल तर रोजच्या कामाला दहावा हिस्सा, म्हणजे ५०० किलो धरायचे. गाठ मारली की तिथे ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त कमी होते, आणि प्रत्येक झटक्याने दोर थोडाथोडा म्हातारा होतो. दुसऱ्या बाजूला लाकडाचं वजन डोळ्यांना फसवतं. ३० सेंमी जाडीचा, मीटरभर लांब ओला ओंडका पाण्याच्या हिशेबाने धरला तर ७० किलो भरतो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट, २८० किलो.

चढायचा दोर वेगळाच ठेवा, शक्यतो निराळ्या रंगाचा. ज्याने ओंडके उतरवले त्या दोरावर माणूस लटकवायचा नाही.

खाली दोर रोखायला आपल्याकडे सर्रास खोडालाच वेढे घेतात. फुकटचं काम, आणि हलक्या फांदीला पुरतंही. पण दोन वेढ्यांनी दोर सरकत राहतो आणि तीन घेतले की फांदी अधांतरी अडकून बसते, हा खेळ प्रत्येक झाडागणिक बदलतो. पर्जन्यवृक्षाची साल खडबडीत, गुलमोहराची गुळगुळीत, आणि पहाटे सर येऊन गेली असेल तर दोन्हींचा हिशेब पुन्हा नव्याने. ज्या झाडाची नुसती छाटणी करायची आहे त्याची साल आपणच सोलून काढतो, ते वेगळंच. त्यात सिडकोच्या जुन्या घरांत खोड कुंपणाच्या भिंतीला इतकं चिकटलेलं असतं, की दोर मागून फिरवताना गडी दर वेळी भिंत आणि खोडाच्या मध्ये हात घालतो. त्याच वेळी वरून कुणी घाई केली तर काय होईल याची कल्पना तुम्हीच करा.

ब्रेक म्हणतो तो इथे कामी येतो. मी घ्या म्हणतो तो पोर्टारॅप, म्हणजे पोलादी नळकांडं, दोर अडकवायला त्याला खुंट्या. बुंध्याला स्लिंगने, म्हणजे बांधायच्या जाड दोरखंडाने, एकदा बांधलं की वेढे त्या नळकांड्यावर पडतात, सालीवर नाही. कोरडं असो की ओलं, फांदी केवढी आणि वेढे किती याचा अंदाज गड्याच्या हातात चार दिवसांत बसतो. तो फांदी पडायच्या जागेपासून दूर उभा राहू शकतो, आणि जागा मोकळी असेल तर दोर थोडा सोडत सोडत, झटका न देता भार थांबवू शकतो. वेढे मात्र भार येण्याआधी घालून ठेवायचे, आणि दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, हातमोजे असले तरी. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक पडतो तो या नळकांड्याने, असं माझं मत आहे.

मग कप्पी का नको? नको असं नाही, पण ती काय करते ते आधी समजून घ्या. १०० किलोची फांदी कप्पीवरून लटकते आहे. खाली ब्रेकने तेवढंच ओढून धरलं आहे. म्हणजे कप्पी जिथे बांधली तिथे २०० किलो आले. तोच दोर झाडाच्या बेचक्यातून गेला आणि घर्षणाने निम्मा ओढा खाल्ला, तर खाली ५० आणि बेचक्यावर १५०. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, बेचकी फाटणारी. तिथे चकचकीत कप्पी बांधून तुम्ही झाडावरचा भार वाढवताच आहात.

पण बेचक्याचाही तोटा आहे. घर्षणामुळे धक्का झेलायला वरचा आखूड दोरच उरतो. कप्पीत दोर सुटा फिरतो, त्यामुळे खालच्या ब्रेकपर्यंतचा सगळा दोर ताणला जाऊन धक्का वाटला जातो. आणि सुबाभळीचा किंवा नारळाचा उभा सोट वरून तुकडे करत उतरवायचा असेल, तर बेचकं असतंच कुठे? तिथे कप्पी कापाच्या खाली बांधावी लागते, तुकडा तिच्यापलीकडे पडतो आणि झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट बसतो. तुकडे लहान करणं हाच खरा इलाज. तेव्हा तुमची कामं मुख्यतः छाटणीची असतील तर कप्पी पुढच्या मोसमावर ढकला. झाड काढायची परवानगी मिळालेली कामं जास्त येत असतील तर ती ब्रेकबरोबरच घ्या.

हार्नेस घेताना बांधकामावरचा पाठीला कडी असलेला पट्टा झाडाला चालवू नका. तो पडलेल्याला झेलायला केलेला असतो. झाडावर तासन्‌तास बसून काम करायचं, तर कंबरेला आणि पुढे कड्या असलेला, मांड्यांखाली रुंद पट्टी असलेला हवा.

बकेट लिफ्टची (माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी) गाडी की दोर, हा वाद मला फारसा खरा वाटत नाही. रस्त्याकडेला, आणि विशेषतः पोकळ किंवा मेलेल्या झाडाला गाडीच बरी, कारण त्या झाडावर माणूस चढवू नये आणि भारही टांगू नये. घोडबंदर रोडच्या संकुलांत पोडियमच्या (खाली पार्किंग असलेल्या) स्लॅबवर जड गाडी न्यायची की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून द्यावं, वॉचमनच्या होकारावर जाऊ नका. विजेची तार जवळ असेल तर गाडी असो वा दोर, महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही. ओल्या दोरातून वीज उतरते.

पैसे वाचवायचेच असतील तर कप्पी जुनी घ्या. खिळ सरळ आहे का, बाजूच्या पट्ट्यांना तडा नाही ना, चाक हाताने फिरवलं की खरखरत नाही ना, हे डोळ्यांनी आणि बोटांनी कळतं. जुना दोर मात्र ओळखीच्याकडून फुकट मिळाला तरी घेऊ नका. तो किती झटके खाऊन आलाय हे त्याच्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही.